सुरतेची वाट आणि वाटाड्या

नाताळचे दिवस सरले आणि वाडीतील कामाची घाई ओसरली की वसईच्या धर्मग्रामांतून सहलीच्या बसगाड्या निघू लागतात. कोणी वेलंकनीस जातात, कोणी जुन्या गोव्यास. या यात्रा व्हाव्यात आणि होत राहाव्यात. परंतु यात्रेखेरीज निव्वळ विसाव्यासाठी, चार घरची माणसे एका गाडीत बसवून जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने एखादा मुलूख पाहावा, ही चाल आपल्यात अद्याप म्हणावी तशी रुजलेली नाही. सुरत आपल्यापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर. घरात लग्न ठरले की साड्यांसाठी आपली मंडळी तेथे जातात आणि गठ्ठे बांधून त्याच रात्री परततात. एवढे जवळचे व एवढे जुने शहर आपण दुकानाच्या उंबरठ्यापलीकडे पाहिलेलेच नाही.

बसगाडीतून मुलूख कसा पाहावा, हे आयर्लंडच्या लोकांकडून शिकण्याजोगे आहे. तो देश आपल्याप्रमाणेच शेतीवाडीचा आणि कॅथोलिक परंपरेचा. तेथील खेड्यापाड्यांतून नेमाने प्रवासी गाडी धावू लागली ती एका परदेशी कॅथोलिक माणसामुळे. चार्ल्स बियांकोनी हा इटलीतून आलेला तरुण पाठीवर चित्रांचे ओझे घेऊन गावोगाव पायी हिंडे. त्या पायपिटीतच गरीब प्रवाशाचे हाल त्याला कळले. १८१५ साली त्याने क्लॉनमेल गावातून पहिली घोडागाडी सुरू केली आणि पुढे निम्म्या देशात त्याच्या गाड्या फिरू लागल्या. टपालाची गाडी वगळता रविवारी त्या धावत नसत. आठवड्यात एक दिवस विसावा मिळालेला घोडा उरलेल्या सहा दिवसांत अधिक मजल मारतो, असा त्याचा हिशेब होता. देवाची आज्ञा आणि धंद्याचा ताळेबंद असे एका ओळीत जुळलेले क्वचितच आढळतात!

आज त्याच देशात परदेशी पाहुण्यांच्या मोठाल्या बसगाड्या फिरतात. किलार्नीहून निघून केरीच्या डोंगराळ किनाऱ्याला वळसा घालणारा रस्ता इतका अरुंद आहे, की समोरासमोर येऊन अडकू नयेत म्हणून या गाड्या एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, नेण्याचा प्रघात आहे. गाडी हाकणारा मनुष्यच पुष्कळदा वाटाड्या असतो. कॅथोलिक उपासनेवर निर्बंध होते त्या काळी माळरानावरील ज्या शिळेवर चोरून मिस्सा होई, ती शिळा तो दाखवितो. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीस लागली. त्यांची ओसाड घरेही तो दाखवितो. गाडीत इंग्रज पाहुणेही बसलेले असतात. त्या दुष्काळात त्यांच्याच सरकारने किती हात आखडता घेतला, हे त्यांच्यासमोर सांगितले जाते आणि तेही मुकाट्याने ऐकतात. वाटाड्या असावा तो त्या भूमीचा, आणि त्याने आपल्या भूमीची गोष्ट आपल्या परीने सांगावी. पाहुण्याला सुखावणारीच गोष्ट ऐकावयाची असेल, तर त्याने घरी बसून आपल्याच आजोबांना विचारावे हे बरे.

आता आपली गाडी काढू. केवळ महामार्ग धरला तर पाच तासांत सुरत येईल आणि वाटेत धाबे व पेट्रोलपंप यांवाचून काही दिसणार नाही. वैतरणा, सूर्या, दमणगंगा, पार, अंबिका आणि पूर्णा अशा नद्या ओलांडाव्या लागतात. मुलांना त्यांची नावे क्रमाने म्हणावयास लावावी. सुकेळी वाटून झाली व जपमाळ म्हणून झाली की वापीजवळ महामार्ग सोडून दमणकडे वळावे. १५५९ साली पोर्तुगीजांनी दमण घेतले. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पडली. दमण मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. त्या फरकाचा परिणाम डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर मोटी दमणच्या तटबंदीत पाऊल ठेवावे. वसई किल्ल्यातील आपली बहुतेक जुनी देवळे छप्पर हरवून, भिंतीत वड-पिंपळ रुजवून उभी आहेत. येथे १६०३ साली बांधलेल्या बॉम जेझूच्या देवळात आजही मिस्सा होते. जवळच्या रोझरीमातेच्या छोट्या देवळातील सोनेरी कोरीवकाम पाहिले म्हणजे वसईची देवळे एके काळी आतून कशी सजली असतील, याची कल्पना येते. वसईच्या माणसाने दमणला निदान एक तास स्वस्थ बसावे.

पुढे उदवाड्याला पारश्यांचे इराणशाह अग्निमंदिर आहे. इतरांना आत प्रवेश नाही, आणि त्यात रुसण्यासारखे काही नाही. नवसारीवरून आडवाटेने दांडीला जाता येते. तेथे गांधीजी ५ एप्रिल १९३० रोजी पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ उचलले. त्या पदयात्रेचे स्मारक ३० जानेवारी २०१९ पासून लोकांना खुले आहे. वसईच्या खाडीकाठी ज्यांच्या घराण्याने मिठागरे राबविली, त्यांना चिमूटभर मिठावरचा कर म्हणजे काय, हे वाटाड्याने समजावून देण्याची गरज पडणार नाही.

सुरतेत शिरल्यावर मात्र वाटाड्यावाचून चालत नाही. आपल्या सुदैवाने तेथे खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी माणसे हजारोंनी राहतात. मराठी जाणणारा एखादा निवृत्त शिक्षक तेथील धर्मगुरूंकडे आगाऊ चौकशी केल्यास मिळू शकेल. तो तुम्हांस प्रथम मुघल सराईत नेईल. शहाजहानच्या कारकिर्दीत, १६४४ साली, हाजी यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी बांधलेली ही धर्मशाळा. मक्केस जाणारी गलबते याच बंदरातून निघत. आज त्याच वास्तूत महानगरपालिकेची कचेरी भरते. जेथे यात्रेकरू पथाऱ्या पसरीत तेथे आता घरपट्टीच्या फायली पसरतात.

तेथून तापीकाठचा किल्ला. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाच्या सरदाराने तो पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी बांधला. १५७३ साली अकबराने त्याला वेढा घातला, तेव्हा त्याची पोर्तुगीजांशी गाठ पडली. त्या ओळखीचा धागा पुढे लांबला आणि बादशहाच्या निमंत्रणावरून १५७९ साली येशूसंघाचे तीन धर्मगुरू गोव्याहून निघून सुरतेमार्गे फत्तेपूर शिक्रीस गेले. त्यांतील रुडॉल्फ अक्वाविवा पुढे १५८३ साली गोव्यातील कुंकळ्ळी येथे मारले गेले. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्यांस धन्यवादित घोषित केले. महानगरपालिकेने हा किल्ला नीट दुरुस्त करून तेथे संग्रहालय थाटले आहे.

किल्ल्याच्या तटावर उभे असताना गाडीतील मुले शिवाजी महाराजांचे नाव काढणार, हे ठरलेलेच. येथे वाटाड्याने काय सांगावे आणि आपण काय ऐकावे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात सुरतेची स्वारी म्हणजे पराक्रम. शायिस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्याची धूळधाण केली, तिची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाली. आणि हे खरेही आहे. सुरतेच्या माणसाला त्या घटनेचे दुसरे टोक दिसते. १६६४ च्या जानेवारीत सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला, शहराला धड तटबंदीही नव्हती, चार दिवस लूट चालली आणि हजारो घरे आगीत गेली. १६७० साली पुन्हा तेच. हेही खरे आहे. आपल्या पोरांनी यावर हुर्यो करू नये, आणि वाटाड्यानेही पाहुण्यांची भीड धरून गोष्ट गुळमुळीत करू नये. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय घरबसल्या लागत नाही. तिच्यासाठी दुसऱ्याच्या गावात जावे लागते.

याच प्रसंगातील एक हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक असावी. त्या वेळी सुरतेत फ्रेंच कापुचिन धर्मगुरूंचा मठ होता व फादर अँब्रोज हे त्याचे प्रमुख होते. फ्रान्सवा बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या काळी हिंदुस्थानात होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे, की महाराजांनी या पाद्रींना सज्जन म्हणून गौरविले व त्यांच्या घराला हात लावू दिला नाही. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून देण्यात आले. बर्नियेला महाराजांची भलामण करण्याचे काही कारण नव्हते. तो मोगल दरबारी वावरणारा मनुष्य. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे. धर्माने ख्रिस्ती व भाषेने मराठी असलेल्या आपल्या मुलांना, तुमचे नक्की कोण, असा प्रश्न कधी ना कधी कोणी तरी टाकतोच. त्यांच्या शिदोरीत फादर अँब्रोज यांची गोष्ट बांधून द्यावी.

दुपार कलली की कतारगाम दरवाजाकडील जुन्या दफनभूमींत जावे. येथे बायकामंडळी प्रथम नाके मुरडतील, पण एकदा गेली की लवकर बाहेर येत नाहीत. १६६४ च्या त्या स्वारीत इंग्रजांची वखार ज्याने लढवून राखली, तो जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याचा व त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याचा घुमट असलेला दुमजली मकबरा येथे आहे. मकबरा हाच शब्द योग्य, कारण कमानी व घुमट पाहून आत एखादा नबाब निजला असावा असेच वाटते. मोगली थाटाशी बरोबरी करण्याची हौस या व्यापाऱ्यांना मेल्यावरही सुटली नाही!

डचांच्या दफनभूमीत हेंड्रिक व्हान रीडे यांची कबर आहे. ते १६९१ साली सुरतेच्या वाटेवर जहाजावरच वारले. मलबारात अधिकारी असताना त्यांनी तेथील वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. त्याचा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. व्हान रीडे प्रॉटेस्टंट. त्यांना या कामी साहाय्य केले ते कार्मेल संघाचे कॅथोलिक धर्मगुरू फादर मॅथ्यू यांनी. झाडपाल्याचे गुण सांगितले इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी. त्या तिघांचे कोंकणीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. नागरी अक्षरे छापून निघाल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ज्या लिपीत हे साप्ताहिक आपल्या हाती येते, तिच्या छपाईचा एक पूर्वज असा सुरतेच्या एका थडग्याशी नाते सांगतो.

साड्यांचे काय, असे गाडीच्या मागच्या बाकांवरून विचारले जाईलच. रिंग रोडवरील कापडबाजाराला पूर्ण अर्धा दिवस द्यावा, कुरकुर करू नये. पुरुषांनी तेवढ्या वेळात खमण व लोचो यांचा समाचार घ्यावा. सुरतचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण गुजराथेत उगाच पडलेली नाही. जानेवारीत गेल्यास कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळतो. त्यास तेथे पोंक म्हणतात. डचांनी जाताना आपली भट्टी एका पारशी कामगाराच्या हाती सोपविली आणि त्या भट्टीतून सुरतेची नानखटाई निपजली, असे तेथील लोक सांगतात.

सहल शनिवार-रविवारची ठरवावी आणि रविवारची मिस्सा सुरतेतच ऐकावी. हे शहर बडोदा धर्मप्रांतात मोडते. मिस्सा गुजराथीत असली तरी कोणत्या क्षणी गुडघे टेकावयाचे, हे कोणी सांगावे लागत नाही. वेळ मात्र आधी पत्राने किंवा फोनने विचारून ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना चाकांच्या वरच्या जागा देऊ नयेत, पुढे बसवावे. चालकाला शनिवारी रात्री पुरती झोप मिळेल अशी सोय करावी, आणि परतीच्या वाटेवर ध्वनिवर्धक तलासरीपर्यंत बंद ठेवावा. तेवढ्या वेळात मुलांना काय काय आठवते, ते विचारावे.