पवारणा : सरत्या वर्षाचा हिशेब, येत्या वर्षाचा संकल्प



वर्ष सरत आले की माणूस मागे वळून पाहतो. काय मिळाले, काय हुकले, कोण दुरावले याचा मनाशी ताळा घेतो आणि पुढच्या वर्षासाठी काहीतरी ठरवतो. ही प्रवृत्ती चांगलीच आहे. परंतु बहुतेकांचा अनुभव असा की, ठरवलेले महिनाभरही टिकत नाही. १ जानेवारीला आणलेली डायरी फेब्रुवारीत कोरी राहते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील घोषणा दुसऱ्या दिवशी विरून जातात. असे का होते आणि आपल्या धम्मात यावर काही उपाय सांगितला आहे काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

उपाय आहे. त्याचे नाव पवारणा. हा शब्द आपण विहारात ऐकतो, वर्षावास समाप्तीच्या पत्रिकेत वाचतो, पण त्या दिवशी खीरदान व धम्मदेसना झाली की घरी परततो. पवारणेचा खरा अर्थ मागेच राहतो.

पवारणेचा उगम

आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावास. तो आश्विन पौर्णिमेला संपतो. विनयपिटकात अशी हकिगत आहे की, कोसल देशातील काही भिक्खूंनी वर्षावासापूर्वी आपसांत एक करार केला. भांडण नको, कुरबूर नको, म्हणून तीन महिने कोणी कोणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने झाडलोट करावी. पाण्याचा घडा रिकामा दिसला आणि एकट्याला उचलवेना, तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवावे. तीन महिने असेच गेले. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला भगवंतांच्या भेटीस आले आणि आम्ही अगदी सुखाने, एकोप्याने राहिलो, असे त्यांनी सांगितले.

तथागतांनी त्यांचे कौतुक केले नाही. एकत्र राहूनही एकमेकांशी न बोलणे हे गुराढोरांसारखे राहणे झाले, त्याला एकोपा म्हणत नाहीत, असे त्यांनी बजावले आणि पवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसून हात जोडून विनंती करावी की, माझ्या हातून काही दोष घडलेला कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणा करून मला सांगावे. मला पटल्यास मी सुधारणा करीन. ही विनंती तीन वेळा करावयाची असते आणि तिची सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते.

संयुक्त निकायात याहून मोठी गोष्ट आली आहे. एका आश्विन पौर्णिमेला पूर्वाराम विहारात पाचशे भिक्खू जमले असता स्वतः भगवंतांनी प्रथम विचारले की, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हांला काही दोष दिसतो काय? सारिपुत्तांनी नम्रपणे नाही म्हणून सांगितले आणि मग तोच प्रश्न स्वतःविषयी विचारला. सर्वांत थोर असलेल्याने सर्वांआधी विचारावयाचे, हे पवारणेचे मर्म आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. भांडण नाही म्हणजे सारे ठीक चालले आहे, असे आपण मानतो. कित्येक घरांत भांडण नसते, कारण बोलणेच नसते. वडील संध्याकाळी पिऊन येतात, पोरे गप्प राहतात. मुलीला पुढे शिकायचे असते, पण विषय निघाला की आई खुणेने गप्प बसवते. मंडळाच्या सभेत हिशेब वाचला जातो, माना डोलतात आणि मंजूर होतो. कोसलातील भिक्खूंचा तोच करार आपण न बोलता केलेला असतो. एकट्याने मनाशी केलेला वर्षाचा हिशेब म्हणूनच खोटा निघतो. आपले जे दोष आपल्याला दिसत नाहीत, ते शेजारी राहणाऱ्याला रोज दिसत असतात.

आपल्या डोंगरातील वर्षावास

ही गोष्ट दूर कोसलातील, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडपासून जवळच आगाशिवचा डोंगर आहे. त्यात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. वाईजवळ लोहारे येथे आणि खंडाळा तालुक्यात शिरवळ येथेही आहेत. मध्यप्रदेशातील भारहुत स्तूपाच्या दानलेखांत करहकट या नगराचे नाव येते आणि ते आपले कऱ्हाड होय, असे अभ्यासक मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणसे धम्मासाठी दूरदेशी दान पाठवीत होती.

आगाशिवच्या विहारांत गेल्यास मधला चौक, भोवती लहान लहान खोल्या आणि झोपण्यासाठी कोरलेले दगडी ओटे दिसतात. सह्याद्रीचा पाऊस कोसळत असताना भिक्खू याच खोल्यांत राहिले असतील आणि पावसाच्या शेवटी याच चौकात बसून त्यांनी एकमेकांना आपले दोष विचारले असतील. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी भिंतीवर नावे कोरण्याऐवजी त्या ओट्यावर घटकाभर शांत बसून हे आठवावे.

राहुलाचा आरसा

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारणे आलेच. भगवंतांनी बालवयातील राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुलाने उत्तर दिले. तसेच प्रत्येक कृती, प्रत्येक बोलणे, प्रत्येक विचार पाहून घ्यावा, असे त्यांनी सांगितले. करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. यात मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही अपाय आहे काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा. हा उपदेश केवळ भिक्खूंसाठी नाही. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत म्हणून सात धम्मग्रंथांची नावे दिली आहेत. त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे.

चार खाती

पाहिले, पण मांडायचे कसे? सांगलीची हळदपेठ देशभर प्रसिद्ध आहे. तेथे हमाली करणाऱ्यालाही ठाऊक असते की, पेढीवर रोजच्या व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत होते आणि मग ती खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. जुन्या वहीतील बाकी पुढे ओढल्याशिवाय नव्या वहीला अर्थ नसतो. आपल्या आयुष्याची खतावणीही अशीच मांडता येते. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामात भगवंतांनी चार प्रयत्न सांगितले आहेत. तीच आपली चार खाती होत.

पहिले खाते संवर. जे वाईट अजून आलेले नाही, ते येऊ न देणे. कॉलेजसाठी प्रथमच गाव सोडणाऱ्या मुलाने गुटखा व मोबाईलवरचा जुगार यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणावे. सवय लागल्यावर सोडण्यापेक्षा हे सोपे असते.

दुसरे खाते प्रहाण. जे आलेले आहे, ते सोडणे. दारू, खोटे बोलणे, ऐपत नसताना लग्नासाठी काढलेले कर्ज, ही सारी नावे याच खात्यावर येतात. येथे लपवाछपवी केली तर सारा हिशेबच फसतो.

तिसरे खाते भावना. पालीत या शब्दाचा अर्थ वाढवणे, विकसित करणे असा आहे. जे चांगले अजून आपल्यात नाही, ते निर्माण करणे. रोज दोन पाने वाचन, इंग्रजीचे पाच शब्द, सकाळी वीस मिनिटे आनापान. आपण बहुधा याच एका खात्याला संकल्प समजतो.

चौथे खाते अनुरक्षण. जे चांगले आहे, ते टिकवणे. हे खाते सर्वांत दुर्लक्षित असते. मुलगी दहावीपर्यंत पोचली, हे मिळवलेले आहे. ती बारावी होईपर्यंत शाळेतून निघणार नाही, हे पाहणे म्हणजे अनुरक्षण. विहारात रविवारचा वर्ग सुरू आहे, तो पुढच्या वर्षीही सुरू असणे हे नव्या इमारतीच्या संकल्पापेक्षा मोलाचे आहे.

संकल्प मोठा, पायरी मोजकी

संकल्प कसा धरून ठेवावा, हे पाहण्यासाठी साताऱ्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. ते नाव बाबासाहेबांचे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला.

याच विद्यार्थ्याला पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. येताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. संकल्पाला मुदत लावून घेतली. त्यानंतर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य झाले, मित्राकडून उसनवारी केली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अडथळा आला तेव्हा संकल्प सोडला नाही, फक्त पायऱ्या बदलल्या.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पूर्ण झाली. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात अभ्यास चालू होता. १९५० मध्ये श्रीलंका, १९५४ मध्ये रंगून येथील बौद्ध परिषदांना ते गेले. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. दीक्षेच्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणजे तरी काय? आयुष्यभरासाठी नीट मोजून घेतलेले बावीस संकल्पच ना!

कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह, १९३५ मध्ये ट्रेनिंग कॉलेज, १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज. एक पायरी पक्की झाली की पुढची.

यावरून विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, खूप अभ्यास करीन, हा संकल्प नव्हे. कारण तो झाला की नाही, हे मोजता येत नाही. सहामाहीपर्यंत गणिताची पहिली सहा प्रकरणे सोडवून संपवीन, हा संकल्प होय.

घरची पवारणा, मंडळाची पवारणा

अशोक विजयादशमी आणि आश्विन पौर्णिमा यांत पाच दिवसांचे अंतर असते. दशमीला घरातील सर्वांनी मिळून बावीस प्रतिज्ञा वाचाव्यात. पुढील दिवसांत प्रत्येकाने एकेका कागदावर आपली चार खाती मांडावीत. पौर्णिमेच्या रात्री बुद्धवंदनेनंतर घरातल्यांनीच बसावे. यासाठी तीन नियम पुरेत.

पहिला नियम, थोरल्याने आधी विचारावे. आजोबा, वडील, आई, मग मुले. लहानांना आधी उभे करून त्यांचे दोष काढणे म्हणजे पवारणा नव्हे.

दुसरा नियम, सांगणाऱ्याने योग्य वेळी, खरे, मृदू शब्दांत, हिताचे आणि मैत्रीभावाने सांगावे. हे पाच गुण भगवंतांनीच सांगितले आहेत. भावकीची जुनी उणीदुणी काढावयाची ही वेळ नव्हे.

तिसरा नियम, ऐकणाऱ्याने त्या रात्री उलट उत्तर देऊ नये. समजा, मुलगा म्हणाला, "आबा, तुम्ही प्यालेले असता त्या रात्री मी पुस्तक मिटतो आणि शेजारी झोपायला जातो," तर आबांनी कमाईचा आणि कष्टाचा पाढा वाचू नये. ऐकावे आणि आपल्या कागदावर, प्रहाणाच्या खात्यावर, स्वतःच्या हाताने लिहावे. मुलाने ते बोलण्याचे धैर्य केले, ही त्या घराची वर्षातली मोठी जमा आहे. आबा त्या वेळी रागावले, तर तो मुलगा पुन्हा बोलणार नाही आणि कदाचित पुढच्या वर्षी शाळेतही नसेल. पवारणेत पणाला लागलेले असते ते हे.

शेवटी प्रत्येकाने एकच, मोजता येईल असा संकल्प मुदतीसह लिहावा. कागद जपून ठेवावा. पुढच्या आश्विन पौर्णिमेला प्रथम तो जुना कागद वाचावा, राहिलेली बाकी पुढे ओढावी आणि मगच नवा लिहावा.

हाच नियम मंडळांनाही लागू आहे. तेथे थोरले म्हणजे पदाधिकारी. वर्षातून एकदा त्यांनी सभासदांपुढे बसून विचारावे की, आमच्या कामात काय उणे दिसले? जयंतीच्या वर्गणीतील किती रुपये ध्वनिक्षेपकावर गेले आणि किती अभ्यासिकेवर, हे कोणी विचारण्याआधी त्यांनीच सांगावे. त्या सभेत माता-भगिनी मागच्या रांगेत नसाव्यात आणि विद्यार्थी केवळ खुर्च्या मांडण्यासाठी नसावेत. त्यांना बोलू द्यावे. भिक्खुणींनाही पवारणेचा नियम होता, हे विसरू नये.

ज्या संघात सर्वांत थोर असलेल्याने सर्वांआधी आपले दोष विचारले, त्या संघाचे आपण वारस आहोत. येत्या आश्विन पौर्णिमेला आपल्या वस्तीतील निदान एका घरात हा प्रश्न विचारला जावा, अशी आमची अपेक्षा आहे. ते घर आपले असावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!