पॅरिलीन : वाफेतून उतरणारा पापुद्रा
मेंदू अतिशय मऊ, त्यात खुपसायच्या इलेक्ट्रोडच्या सुईचे सिलिकॉन मात्र कडक. शिवाय मेंदू कवटीत सतत किंचित हलतो. कडक सुई घासत राहते आणि तिच्याभोवती व्रण धरतो. म्हणून इलेक्ट्रोड आता काही मायक्रॉन जाडीच्या लवचिक पापुद्र्यावरही घडवतात. त्यासाठी पॅरिलीन-सी हे बहुवारिक वापरतात. गंमत अशी, की ते ओतत नाहीत की फासत नाहीत. त्याच्या मूळ द्रव्याच्या पुडीची निर्वातात सुमारे १५० अंश सेल्सिअसला वाफ होते, ६९० अंशांच्या आसपास रेणू दुभंगतात आणि पुढच्या कक्षात, खोलीच्याच तापमानाला, पृष्ठभागावर साखळ्या जोडत बसतात, अगदी खाचाखोचांतही. त्यावर सोने किंवा प्लॅटिनम, वर पुन्हा पॅरिलीन, मग ऑक्सिजन प्लाझ्माने खिडक्या कोरायच्या. शरीर ते सोसते. खरी डोकेदुखी थरांच्या सांध्यांत शिरणाऱ्या ओलाव्याची.