'हाय नून', दुपार आणि मंझनिया

'हाय नून' म्हणजे ऐन मध्यान्ह. यातील 'नून' लॅटिन 'नोना होरा'पासून, म्हणजे सूर्योदयानंतरच्या नवव्या तासावरून आला. मुळात तो दुपारी तीनच्या सुमाराचा वाचक. त्या तासाची ख्रिस्ती प्रार्थना अलीकडे सरकली, तसा चौदाव्या शतकापर्यंत शब्दही बारावर स्थिरावला. पुढे १९५२ च्या याच नावाच्या चित्रपटाने निर्णायक सामन्याच्या क्षणाचा लक्ष्यार्थ दृढ केला. याउलट मराठी 'दुपार' दोन प्रहर मोजते, तर रायपूर परिसरातील छत्तीसगढी 'मंझनिया' दिवसाचा मध्य दाखवते. 'भर दुपारी'त ऊन आहे, उघडपणा आहे, सामना नाही. म्हणून अनुवादकाला तेथे वेळ नव्हे, 'निर्णायक घटका' भाषांतरित करावी लागते.