युरोपला निघालेला शर्ट सिंगापूरला का जातो?

जगाचा नकाशा पुढ्यात घ्या आणि त्यावर बांगलादेशातील चितगाव बंदर शोधा. (आता त्याचे अधिकृत नाव चट्टोग्राम असे आहे.) तेथून जर्मनीतील हँबुर्गला जायचे तर जहाजाने कोणती दिशा धरावी? तुम्ही म्हणाल, दक्षिणेला उतरावे, श्रीलंकेला वळसा घालावा आणि पश्चिमेची वाट धरावी. बरोबर! पण ढाक्याच्या कारखान्यांत शिवलेल्या शर्टांची कितीतरी खोकी आधी आग्नेयेला, थेट सिंगापूरला जातात आणि तेथून मलाक्काच्या सामुद्रधुनीने पुन्हा माघारी वळून युरोपकडे निघतात. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

याचे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. एका ठोकळ्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर त्याचे पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट होते. आता ठोकळ्याच्या जागी जहाज कल्पा. जहाजाला लागणारे पोलाद ढोबळमानाने पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढते. पाण्याचा विरोधही बराचसा पाण्यात बुडालेल्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. माल मात्र घनफळात मावतो. म्हणजे माल आठपट, पण खर्च तितका नाही. प्रत्यक्षात मोठ्या जहाजाचे पत्रे जाड करावे लागतात, त्यामुळे फायदा थोडा घटतो, पण उरतो तोही भरपूर असतो. शिवाय खलाशी काही आठपट लागत नाहीत. वीस-पंचवीस माणसे राक्षसी जहाजही चालवतात.

म्हणूनच जहाजे वाढत गेली. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ कंटेनर, म्हणजे मालाच्या बंद पेट्या, पाठवल्या. आजची सर्वांत मोठी जहाजे वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने २४,००० हून अधिक पेट्या वाहतात. त्यांची लांबी सुमारे ४०० मीटर असते.

पण इथे आर्किमिडीज आडवा येतो. तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. पूर्ण भरलेले असे जहाज पाण्यात सुमारे १६ मीटर बुडते. पाच मजली इमारतच पाण्याखाली गेली म्हणा ना!

आता चितगावकडे पाहा. हे बंदर कर्णफुली नदीच्या काठी आहे. नदी वळणे घेते, गाळ आणते, आणि जहाजांना आत शिरायला भरतीची वाट पाहावी लागते. पाण्यात साडेनऊ मीटरपेक्षा अधिक बुडणारे जहाज कित्येक वर्षे तेथे घेतच नसत. २०२३ पासून ही मर्यादा १० मीटरपर्यंत वाढली. तेव्हा मोठ्या जहाजाला तेथे थारा नाही. मग ‘फीडर’ म्हणून ओळखली जाणारी छोटी जहाजे पेट्या उचलून कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातील पोर्ट क्लांग येथे नेतात. तेथे यारी पेटी उतरवते, पेटी आवारात पडून राहते, आणि मोठे जहाज लागले की पुन्हा चढवली जाते. प्रत्येक चढउताराचे पैसे पडतात. त्याहून महाग पडते ती वाट पाहणे. थंडीचे कपडे थंडी सरल्यावर पोचले तर ते कोण घेणार? अशा वेळी विमानाने माल धाडण्याचा भुर्दंड बहुधा कारखानदाराच्या माथी येतो, आणि मग तो मजुरीत हात आखडतो. शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईने कर्णफुली पाहिलेलीही नसेल. पण त्या नदीच्या उथळपणाची झळ तिच्यापर्यंत पोचते.

नदी खणून का काढत नाहीत? खणतात, पण वरून गाळ येतच राहतो. हुगळीकाठच्या कोलकाता बंदराचे दुखणे हेच. त्यासाठी गंगेचे पाणी हुगळीत सोडण्याची सोय करणारा फराक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला, तरी गाळ उपसणे काही सुटलेले नाही.

तेव्हा खोल पाणी निसर्गतःच किनाऱ्याजवळ असेल तेथे बंदर बांधणे, हा दुसरा मार्ग. भारताचाही जो माल असा जहाज बदलून जाई, त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश माल परदेशी बंदरांतच हाताळला जात असे. केरळातील विळिंजम येथे मोठी जहाजे लागू शकतील असे बंदर डिसेंबर २०२४ मध्ये व्यापारासाठी खुले झाले. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे २० मीटर खोल पाणी मिळते. तेथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मात्र त्या समुद्रात मासेमारी करून जगणाऱ्यांनी वर्षानुवर्षे या बंदराला विरोध केला आहे. पेटीमागे भाडे किती वाचेल हे कागदावर मांडता येते. भराव पडलेल्या समुद्रातली मासळी त्याच हिशेबात कोणत्या रकान्यात लिहायची, यावर वाद चालूच आहे.