श्वास मोजायला कोण शिकवतं

गडचिरोली जिल्ह्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत बसून नवजात बाळाचे श्वास मोजायचे, तर त्यासाठी एक साधं साधन आहे. एका चौकटीत ओवलेले मणी आणि जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पन्नासपर्यंत आकडे म्हणता न येणाऱ्या दाईलाही हे जमावं म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते घडवलं. शहरात साडेपाच वर्षं शिकलेला तरुण डॉक्टर अशा खोलीत शिरतो, तेव्हा शिकवायच्या जागी गावातली आरोग्यदूत बाई असते आणि विद्यार्थ्याच्या जागी तो. बाळाला कधी उघडं करायचं, कधी लगेच पांघरुणात घ्यायचं, आजीला न दुखावता तिची समजूत कशी घालायची, हे तिला ठाऊक असतं. अशाच बायकांच्या बळावर ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटले. हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

डॉक्टरच्या मनातली माया वाढते कशी, हा प्रश्न जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना छळतो आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरझा होजत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहवेदना वर्षागणिक मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती तिसऱ्या वर्षी घसरलेली दिसली. म्हणजे पुस्तकं मागे पडून खरा रुग्ण समोर येतो, नेमक्या त्याच वर्षी. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. झोप नाही, परीक्षेची धास्ती, राउंडला सर्वांदेखत बोलणी बसण्याची भीती. अशा वेळी माणसाचा ‘बेड नंबर सात’ व्हायला कितीसा वेळ लागणार?

यावर कॅलिफोर्नियात डॉ. रेचल नाओमी रेमेन यांनी १९९१ मध्ये एक उपाय काढला. ‘हीलर्स आर्ट’ नावाच्या त्यांच्या अभ्यासक्रमात अनुभवी डॉक्टर आपला वेळ स्वेच्छेने देतात आणि पाच-सहा विद्यार्थ्यांसोबत गोल करून बसतात. पहिल्या मृत्यूबद्दल, हरवलेल्या माणसांबद्दल, हा पेशा का निवडला याबद्दल सगळे बोलतात, थोरही आणि धाकटेही. दुसऱ्याचं दुःख दुरुस्त करायला जायचं नाही, फक्त मनापासून ऐकायचं, हा तिथला नियम.

विदर्भात डॉक्टरांना सहवेदना शिकवण्याची गोष्ट कितीतरी आधी वेगळ्या वाटेने सुरू झाली होती. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. तिथं पहिल्या वर्षाची मुलं शरीररचनेच्या पुस्तकाआधी आश्रमात राहायला जातात. पंधरा दिवस प्रार्थना, सूतकताई, झाडलोट. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात शिबिर भरतं आणि विद्यार्थी नेमून दिलेल्या घरांत वर्षानुवर्षं जात-येत राहतात.

अभय बंग या सेवाग्रामच्याच मातीतले. तेरा वर्षांचे असताना थोरल्या भावासोबत सायकलवरून जाताना दोघांनी कामं वाटून घेतली, ही हकीकत महाराष्ट्राने त्यांच्या तोंडून ऐकली आहे: अशोकने खेड्यातली शेती सुधारायची, अभयने आरोग्य. दोघांनीही शब्द पाळला. राणीताई चंद्रपूरच्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून दोघं परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला लागले. दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून राणीताईंनी दाखवून दिलं, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहे. हे संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झालं, तोवर जगाने हा प्रश्न फारसा विचारलाच नव्हता. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. इथल्या डॉक्टरकीचं सारं मर्म मला त्या एका शब्दात सापडतं.

‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातलं रुग्णालयही असंच कान देऊन उभं राहिलं. आदिवासींना विचारलं, मोठ्या दवाखान्यात का जात नाही? ते म्हणाले, तिथं सगळे पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढरं गुंडाळतो ते मढ्याला. शिवाय घरच्यांना सोबत राहू देत नाहीत. मग रुग्णालय झोपड्यांचं बांधलं, नातेवाइकांना राहता येईल असं, आणि त्याला नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्यासारखे नामवंत इथं येऊन रुग्ण तपासतात, शस्त्रक्रिया करतात. तिथं उमेदवारी करणारा तरुण डॉक्टर त्या हातांकडे पाहत असतो, आणि आवाजाकडेही.

२००६ मध्ये बंग दांपत्याने ‘निर्माण’ सुरू केलं. महाराष्ट्रभरची तरुण मुलं, त्यात पुष्कळ वैद्यकीय विद्यार्थी, काही महिन्यांच्या अंतराने शोधग्रामला शिबिरांसाठी जमतात. माझा स्वधर्म कोणता, काळाची गरज कोणती, असे प्रश्न तिथं गंभीरपणे विचारले जातात. मधल्या महिन्यांत आपापल्या ठिकाणी काही करून पाहायचं आणि पुढच्या शिबिरात ते सर्वांपुढे मांडायचं. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सेवा द्यावी लागते; दहा लाख भरून सुटण्याची वाटही अनेक वर्षं होती. निर्माणची अनेक मुलं पैसे भरण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र निवडत आली, आणि पुढच्या तुकडीतल्या मुलांना अनुभव सांगायला तीच पुढे येतात.

निर्माणच्या कितीतरी आधीही तरुणांना अशी हाक गेली होती. आमच्या भद्रावतीहून वीसेक किलोमीटरवर वरोऱ्याचं आनंदवन, कुष्ठरुग्णांची वसाहत. तिथल्याच बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला, भर मे महिन्यात, तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली आणि १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे नागपूरचं शल्यचिकित्सेचं शिक्षण सोडून तिकडे गेले. पत्नी डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. दोघं आधी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकले, त्यांनी झाडाखाली रुग्ण तपासले. समोरच्याच्या अंगावर कपडा नाही म्हणून प्रकाशभाऊंनी पँट-शर्ट सोडला, तो कायमचा.

आता नियमही याच वाटेने येऊ लागले आहेत. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तास आहेत. २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आहेत. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे ही मुलं आता आपल्याच जिल्ह्यातल्या अंगणांत उभी राहणार. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन ती नीट लिहून आणतील. पण चुलीपाशी बसलेली म्हातारी तिसऱ्या भेटीतही काही बोलली नाही, तर ती का बोलली नाही, हे परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोलणारं कुणीतरी वडीलधारं सोबत असायला हवं. ते एखादे निवृत्त डॉक्टर असतील, जुनी परिचारिका असेल, नाहीतर त्याच गावची आशाताई.