वळूचे स्नायू आणि कानातली गोळी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो अधूनमधून फिरत असतो. निळसर-पांढऱ्या कातडीखाली स्नायूंचे गोळेच्या गोळे, फुगलेल्या मांड्या आणि खाली मजकूर : ‘हार्मोनची इंजेक्शनं देऊन वाढवलेला बैल’. मजकूर खोटा आहे. हा बेल्जियन ब्लू जातीचा वळू. त्याच्या बेल्जियमसह साऱ्या युरोपीय संघात वाढीसाठी जनावरांना हार्मोन द्यायला १९८०च्या दशकापासून बंदी आहे.

मग एवढं मांस आलं कुठून? शरीरात मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूंना ठरावीक मर्यादेपलीकडे वाढू न देणं हे त्याचं काम; लगामच म्हणा. बेल्जियन ब्लूमध्ये ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकातून डीएनएची ११ अक्षरं गळलेली आहेत, त्यामुळे प्रथिन निकामी होतं. वासरू पोटात असतानाच त्याच्या स्नायूंत जास्त तंतू तयार होतात. हे कोडं १९९७मध्ये उलगडलं.

म्हणजे प्रयोगशाळेत कुणी जनुक कापलं? तेही नाही. अशा ‘दुहेरी स्नायूंच्या’ जनावरांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता. निसर्गात झालेला बिघाड बेल्जियमच्या पशुपालकांनी पिढ्यानपिढ्या निवडून पक्का केला, एवढंच. इटलीतल्या पिएमोन्ते भागातल्या जातीत याच जनुकात वेगळा बिघाड झाला, परिणाम तोच. आणि इतके स्नायू म्हणजे मांस चिवट असणार, हा अंदाजही चुकतो. त्यात संयोजी ऊती कमी असतात, म्हणून ते मऊ लागतं.

हार्मोन कुठेच देत नाहीत असं मात्र नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात देतात. तिथेही रोज सुई टोचत नाहीत. कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली बारीक गोळी बसवतात, ती काही महिने विरघळत राहते. तिच्यात इस्ट्रॅडिओल, टेस्टोस्टेरॉन किंवा ट्रेनबोलोनसारखे कृत्रिम पदार्थ असतात. खरं ‘ग्रोथ हार्मोन’ तिच्यात नसतंच. त्याच्या कृत्रिम रूपाला अमेरिकेने १९९३मध्ये मंजुरी दिली ती दुभत्या गाईंसाठी, दूध वाढावं म्हणून.

वळूची मान आणि वशिंड बैलाशी ताडून पाहिलेल्या माणसाला गोळीचं काम चटकन कळेल. खच्ची केलं की जनावराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन जातं. अमेरिकेत मांसासाठी पोसलेले नर बहुतेक खच्ची केलेलेच असतात. गोळी ती उणीव काही अंशी भरून काढते. वजन वाढण्याचा वेग साधारण १० ते २० टक्क्यांनी चढतो. पण जातीने आखलेल्या चौकटीतच. अँगस जातीच्या जनावराला कितीही गोळ्या द्या, त्याचा बेल्जियन ब्लू होत नाही.

असं मांस खाण्यास सुरक्षित आहे का, यावर अमेरिका आणि युरोप यांचं एकमत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा १९९८चा निकाल युरोपच्या विरोधात गेला, तरी बंदी उठली नाही. अर्थात, बंदी आहे म्हणून वापर शून्य असंही समजू नये. चोरट्या हार्मोन-धंद्याच्या मागे लागलेले बेल्जियमचे पशुवैद्यकीय निरीक्षक कारेल व्हान नोप्पेन यांचा १९९५मध्ये गोळ्या घालून खून झाला.

बेल्जियन ब्लूवर आक्षेप घ्यायचाच, तर इंजेक्शनापेक्षा गाईच्या वेताबद्दल घ्यावा. वासरू इतकं मांसल आणि गाईचा जन्ममार्ग इतका अरुंद की शुद्ध जातीच्या दहापैकी नऊहून अधिक गाई पोट फाडूनच मोकळ्या कराव्या लागतात.