द्राक्षातील क्लोरमेक्वाट आणि द्रव्यमान वर्णपटमापन

सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदारांस ‘सीसीसी’ या नावाने परिचित असलेले द्रव्य म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड होय. एप्रिलमधील खरडछाटणीनंतर फुटींची अनावर वाढ रोखून घडनिर्मितीस चालना देणे, हा त्याचा उपयोग. २०१० साली भारतीय द्राक्षांच्या अनेक खेपा याच द्रव्याच्या अंशामुळे युरोपात नाकारल्या गेल्या. तेथील मर्यादा दर किलोग्रॅमास ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, इतकी होती. निर्यातीपूर्वी तपासणी होऊनही हा अंश निसटला कसा, हे उमजण्यासाठी द्रव्यमान वर्णपटमापकाची कार्यपद्धती लक्षात घेतली पाहिजे.

हे उपकरण रेणूंचे आयनांत रूपांतर करते व निर्वात पोकळीत त्यांची द्रव्यमान-भार गुणोत्तरानुसार विभागणी करते. याच तत्त्वाच्या आधारे जे. जे. टॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑनचे २० व २२ द्रव्यमानांचे अणू वेगळे दिसले.

क्लोरमेक्वाट हा मुळातच धनभारित आयन असून त्याचे द्रव्यमान १२२ आहे. क्लोरीनच्या दोन समस्थानिकांमुळे १२४ पाशीही एक शिखर उमटते. दोहोंच्या उंचीचे प्रमाण सुमारे ३:१ असते. अवशेष-परीक्षणात तीन कक्ष एकापुढे एक जोडतात. पहिल्या कक्षातील चार समांतर दांड्यांवरील विद्युत्‌दाब असा योजतात की, केवळ १२२ चा आयन पार व्हावा. दुसऱ्या कक्षात तो आर्गॉनसारख्या वायूच्या रेणूंवर आदळून फुटतो, आणि तिसरा कक्ष ५८ चा तुकडा निवडतो. ६३ च्या तुकड्याने त्या ओळखीस दुजोरा मिळतो.

या काटेकोर निवडीतच उपकरणाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही सामावलेली आहेत. जे द्रव्यमान विचारले नाही, त्याविषयी ते मौन पाळते. त्यातच, अनेक कीटकनाशके एकाच वेळी वेगळी काढण्यासाठी वापरले जाणारे एथिल अ‍ॅसिटेट या लवणास ओढून घेत नाही. ते जलीय भागातच राहते. त्यासाठी जलमिश्रित मेथॅनॉलासारखा निराळा द्रावक लागतो. २०१० च्या त्या हंगामात निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत क्लोरमेक्वाटचा समावेश नव्हता.

तात्पर्य, ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन भिन्न विधाने होत. विश्लेषणाचा अहवाल वाचताना द्रव्यांची यादी, द्रावक आणि शोधनमर्यादा या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात, आकडे त्यानंतर.